साखळीची टोकं काय सांगतात
(वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात या सदरात मास स्पेक्ट्रोमीटरचा, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राचा, ओझरता उल्लेख आला होता. त्यावर आलेली बहुतेक पत्रं पॉलिमरबद्दलची, म्हणजे लहान घटक जोडून झालेल्या लांब साखळ्यांबद्दलची आहेत. त्यातली चार इथे घेते.

प्रश्न : मी कोल्हापुरात एम.एस्सी. करते. प्रकल्पासाठी कॅप्रोलॅक्टोनपासून पॉलिकॅप्रोलॅक्टोन बनवलं. साखळी सुरू करायला बेन्झाइल अल्कोहोल घेतलं आणि उत्प्रेरक म्हणून टिन ऑक्टोएट. जीपीसीवर (साखळ्या आकाराप्रमाणे वेगळ्या करणारं यंत्र) सरासरी रेणुभार ३४०० आला, पण मॅल्डीत (लेसरने साखळ्या उडवणारा मास स्पेक्ट्रोमीटर) शिखरांचा डोंगर १८५० च्या आसपास आहे. शिवाय प्रत्येक मोठ्या शिखराच्या पुढे १६ वर एक लहान शिखर दिसतं आणि २४ वर आणखी एक. सर म्हणतात, १६ म्हणजे ऑक्सिडेशन झालंय. खरा आकडा कोणता धरू? आणि ही शिखरं कसली? (एक विद्यार्थिनी, राजारामपुरी)

उत्तर : तू सरासरीपाशी न थांबता शेजारची बारकी शिखरंही पाहिलीस, याचा मला फार आनंद झाला. पॉलिमरच्या वर्णपटात खरी माहिती तिथेच असते, आणि बहुतेक जण नेमकी तीच सोडून देतात.

आधी आकड्यांचं मिटवू. जीपीसीच्या स्तंभातून साखळ्या वजनाप्रमाणे बाहेर पडत नाहीत. द्रावणात त्या किती फुगून बसतात, त्याप्रमाणे पडतात. जास्त फुगलेली आधी, कमी फुगलेली नंतर. मग तो आकार पॉलिस्टायरिनच्या माहीत असलेल्या नमुन्यांशी ताडून रेणुभार छापला जातो. पोत्याचा आकार पाहून वजन सांगायचं आणि आत कापूस आहे की गूळ, ते बघायचंच नाही, तसं हे आहे. टेट्राहायड्रोफ्युरान या द्रावकात पॉलिकॅप्रोलॅक्टोन तेवढ्याच वजनाच्या पॉलिस्टायरिनपेक्षा जास्त फुगतं. म्हणून जीपीसीच्या आकड्याला ०.५६ ने गुणायची पद्धत आहे. ३४०० ला गुणलंस तर १९०४ येतात. मॅल्डीच्या १८५० शी हे चांगलं जुळतं. तुझी दोन यंत्रं भांडत नाहीत.

तरी मॅल्डीला सरासरी विचारायची सवय लावून घेऊ नकोस. साखळ्या जवळपास सारख्या लांबीच्या असतील तोवर ती बरी उतरते. डिस्पर्सिटी, म्हणजे साखळ्यांच्या लांबीतली तफावत सांगणारा आकडा, १.२ च्या वर गेली की हलक्या साखळ्या जास्त दिसायला लागतात, जड मागे पडतात, आणि डोंगर डावीकडे सरकतो. अशा वेळी नमुना आधी जीपीसीने तुकड्या-तुकड्यांत वेगळा करावा लागतो आणि मग एकेक तुकडा मॅल्डीला द्यावा लागतो. सरासरीसाठी जीपीसी आणि साखळीची घडण कळायला मॅल्डी, ही वाटणी मी अनेक वर्षं पाळत आले आहे आणि विद्यार्थ्यांनाही तीच सांगते.

आता शिखरं. वही घेऊन बस.

कॅप्रोलॅक्टोनच्या एका घटकाचं वस्तुमान ११४.०७. तुझ्या वर्णपटात शेजारच्या दोन मोठ्या शिखरांमध्ये एवढंच अंतर असणार. तेवढ्यावरून साखळी कशाची आहे ते कळतं. त्या घटकांच्या बेरजेत न बसता जे उरतं ते टोकांचं, आणि टोकं सांगतात की साखळी कोणी सुरू केली आणि ती कशी थांबली. पंधरा घटकांचे १७११.०२. त्यात बेन्झाइल अल्कोहोलचे १०८.०६ मिळव. रेणूला चिकटलेल्या सोडियम आयनाचे २२.९९ मिळव. बेरीज १८४२.०७. हे तुझ्या मोठ्या शिखरांपैकी एक असायला हवं. असेल तर बेन्झाइल अल्कोहोलनं साखळी सुरू केली, हे सिद्ध झालं.

मोजताना एक सांभाळ. या साखळीत ९७ कार्बन आहेत. शंभरातला साधारण एक कार्बन जड म्हणजे १३ वस्तुमानाचा असतो. त्यामुळे एकाच साखळीचं शिखर जवळून पाहिलंस तर ते शिखरांचा झुपका असतं, आणि त्यातलं पहिलं नि दुसरं जवळजवळ सारख्याच उंचीचं दिसतं. हिशेब करायचा तो पहिल्याचाच. दुसरं पकडलंस तर सगळी टोकं एकाने चुकतील आणि तू नसलेल्या रसायनांच्या मागे लागशील.

१६ वरचं शिखर आता. तुझ्या सरांचं म्हणणं अशक्य नाही, पण माझा पहिला संशय पोटॅशियमवर आहे. सोडियम आणि पोटॅशियम यांच्या वस्तुमानातला फरक १५.९७, ऑक्सिजनचं वस्तुमान १५.९९. म्हणजे पोटॅशियम चिकटलेली तीच साखळी १८५८.०४ वर येईल, आणि ऑक्सिजन घुसलेली १८५८.०६ वर. ही फट ओळखायला फार चांगलं यंत्र लागतं. पण फट मोजायचीच गरज नाही. पोटॅशियम काचेच्या भांड्यांतून येतं, पाण्यातून येतं, हाताच्या घामातूनही येतं. तोच नमुना पुन्हा टिपताना त्यात सोडियम ट्रायफ्लुरोॲसिटेट हा सोडियमचा क्षार थोडा जास्त घाल. १६ वरचं शिखर खाली बसलं तर ते पोटॅशियमचं होतं. दुसऱ्या थेंबात पोटॅशियमचा क्षार घाल, ते उसळून वर येईल. दोन्ही वेळा मुख्य शिखराच्या मानाने ते जागच्या जागी राहिलं, तर सरांचं बरोबर. तिन्ही वर्णपट एकाखाली एक ठेवून सरांना दाखव, तेही खूश होतील.

२४ वरचं शिखर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १८६६.०९ चा हिशेब मांड. सोळा घटकांचे १८२५.०९, सोडियमचे २२.९९, उरले १८.०१. ते पाणी आहे. या साखळ्या बेन्झाइल अल्कोहोलनं सुरू झालेल्याच नाहीत, पाण्यानं सुरू झाल्या आहेत. त्यांच्या एका टोकाला हायड्रॉक्सिल आहे आणि दुसऱ्या टोकाला कार्बोक्सिलिक आम्ल. खात्री करायची असेल तर आणखी २१.९८ पुढे, १८८८.०७ वर बघ. आम्लाच्या टोकावरचा हायड्रोजन जाऊन तिथे सोडियम बसला की तिथे शिखर येतं. बेन्झाइल टोकाच्या साखळीला आम्लच नसल्यामुळे तिच्यापुढे असं शिखर येऊच शकत नाही. जाता जाता १८४८.०८ वरही नजर टाक. तिथे काही असेल तर साखळीचं तोंड स्वतःच्याच शेपटाला जुळून कडी झाली आहे. कडीला टोकं नसतात, म्हणून तिच्या हिशेबात घटक आणि सोडियम यांशिवाय काहीच उरत नाही.

हे पॉलिमर तू कोणत्या महिन्यात बनवलंस, ते पत्रात नाही. पंचगंगा पात्राबाहेर आलेली असताना बनवलं असशील, तर मला नवल वाटणार नाही. त्या दिवसांत आपल्याकडे हवाच इतकी ओली असते, की कॅप्रोलॅक्टोनची बाटली नुसती उघडून झाकली तरी पाणी आत जातं. कॅप्रोलॅक्टोन कॅल्शियम हायड्राइडवर रात्रभर ढवळून निर्वातात ऊर्ध्वपातित कर. टोल्युइन हा द्रावकही कोरडा करून घे. चंबू ज्योतीनं तापवून नायट्रोजनखाली थंड होऊ दे. मग पुन्हा बनव. २४ चं शिखर नाहीसं झालं की तुझ्या प्रबंधात एक पक्का पुरावा जमा झाला.

याचा तुझ्या एनएमआरवरही (रेणूतले हायड्रोजन मोजणारी चाचणी) परिणाम होतो, तेवढं लक्षात ठेव. साखळीची लांबी काढताना तू बेन्झाइलचं ५.१ जवळचं शिखर आधार धरत असणार. पाण्याने सुरू झालेल्या साखळ्यांना बेन्झाइलच नाही. त्यांचे घटक मोजले जातात, टोक मोजलं जात नाही, आणि साखळी आहे त्यापेक्षा लांब भासते. एनएमआरला ही चूक आपली आपण कळत नाही. मॅल्डीमुळे ती कळते.

प्रश्न : पॉलिमरचा रेणू एवढा लांबलचक असतो, तर तो न तुटता उडतो कसा आणि यंत्र त्याचं वजन कसं करतं? (बारावीची विद्यार्थिनी, शाहूपुरी)

उत्तर : तापवून उडवायला गेलं तर तो उडण्याआधीच तुटतो. पुष्कळ वर्षं हीच अडचण होती. ॲस्टन यांनी १९१९ मध्ये केंब्रिजला मास स्पेक्ट्रोग्राफ उभा केला, आणि श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये पॉलिमर म्हणजे खरोखरच लांब साखळ्या आहेत असं मांडलं. या दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळच्या, पण यंत्राला साखळी अखंड दाखवायला १९८० चं दशक उजाडावं लागलं.

वाट अशी निघाली. पॉलिमरचा कणभर नमुना एका दुसऱ्या पदार्थाच्या भरपूर रेणूंत मिसळायचा. हा पदार्थ लेसरचा प्रकाश स्वतः शोषून घेतो. त्याला मॅट्रिक्स म्हणतात. मिश्रणाचा थेंब पोलादी पट्टीवर ठेवून वाळवायचा आणि त्यावर लेसरचा क्षणिक झोत मारायचा. पुष्कळ यंत्रांत तो ३३७ नॅनोमीटरचा नायट्रोजन लेसर असतो. मॅट्रिक्स भपकन उडतो आणि त्याच्यासोबत साखळीही अलगद उचलली जाते. जपानमध्ये क्योटोच्या शिमाद्झू कंपनीत कोइची तानाका यांनी १९८५ मध्ये कोबाल्टच्या अतिसूक्ष्म भुकटीत चुकून ग्लिसरीन मिसळलं. ते फेकून न देता त्यांनी वापरून पाहिलं आणि जड रेणू अखंड दिसला. तानाका यांचं शिक्षण विद्युत अभियांत्रिकीचं होतं. २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. आज प्रयोगशाळांत चालते ती पद्धत मात्र जर्मनीतल्या कारास आणि हिलेनकाम्प यांची आहे. तिच्यात मॅट्रिक्स सेंद्रिय स्फटिकांचा असतो.

वजनाचं सोपं आहे. प्रत्येक आयनाला सारखाच विजेचा धक्का द्यायचा, समजा २०,००० व्होल्टचा, आणि निर्वात नळीत सोडून द्यायचं. ऊर्जा सारखी म्हटल्यावर हलका जोरात जाणार, जड हळू. १००० वस्तुमानाचा आयन सेकंदाला सुमारे ६२ किलोमीटर वेगाने निघतो आणि एक मीटरची नळी १६ मायक्रोसेकंदांत पार करतो. ४००० वस्तुमानाच्या आयनाला त्याच नळीला दुप्पट, म्हणजे ३२ मायक्रोसेकंद लागतात. गतिज ऊर्जेचं तुझ्या पुस्तकातलं सूत्र घेऊन तू हे स्वतः काढू शकतेस. काढच.

थेंब वाळताना सूक्ष्मदर्शकाखाली बघायला मिळाला तर जरूर बघ. डीएचबी नावाच्या मॅट्रिक्सचे स्फटिक थेंबाच्या कडेने सुयांसारखे आत वाढत येतात आणि मधला भाग जवळपास रिकामाच राहतो. लेसर मधोमध मारला तर काहीच येत नाही, कडेच्या सुयांवर मारला की वर्णपट भरून येतो. म्हणून थेंब टिपायचं काम मी मुलांकडून हातानेच करून घेते.

आणखी एक अट आहे. साखळी उडाली तरी तिच्यावर विद्युतभार नसेल तर यंत्राला ती दिसत नाही. ज्या साखळीत ऑक्सिजन आहे तिला सोडियम सहज चिकटतो. पॉलिस्टायरिनमध्ये ऑक्सिजन नाही, पण बेन्झीनची कडी आहे, तिला चांदीचा आयन धरून राहतो. हुपरीच्या वाचकांनी नोंद घ्यावी, चांदीला असंही काम आहे! दुधाच्या पिशवीतल्या पॉलिथिलीनला मात्र धरायला जागाच नाही, म्हणून मॅल्डीत ते एरवी दिसत नाही.

प्रश्न : आमचं इचलकरंजीत पॉलिएस्टर सूत रंगवायचं युनिट आहे. गडद रंगाच्या कोनवर पांढरी पावडर येते, वाइंडिंगला थ्रेड गाइडवर साचते, पार्टी माल परत करते. आम्ही पाणी बदललं, केमिकल बदललं, सूतवाल्याशी वाद झाला. मास स्पेक्ट्रोमीटरने ही पावडर कसली ते कळेल का? (एक प्रोसेसवाले, इचलकरंजी)

उत्तर : कळेल, पण आधी पाच मिनिटांची एक चाचणी करा. पावडर ब्लेडने खरवडून काचेवर घ्या आणि वर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. फसफसली तर पाण्यातला चुना आहे, यंत्राकडे जायचं कारण नाही. फसफसली नाही आणि कोमट क्लोरोफॉर्ममध्ये विरघळली, तर ती पॉलिएस्टरचीच असण्याची शक्यता फार मोठी आहे.

पॉलिएस्टर बनताना सगळ्या साखळ्या लांब होत नाहीत. थोडे घटक आपसात जुळून कड्या होतात. तीन घटकांची कडी सर्वांत जास्त सापडते. अशा लहान कड्यांचं प्रमाण वजनाच्या दीड ते तीन टक्क्यांपर्यंत असू शकतं. वितळलेल्या पॉलिएस्टरमध्ये साखळ्या आणि कड्या यांचा आपसात तोल राहतो. कड्या काढून टाकल्या आणि माल पुन्हा वितळवला तर त्या पुन्हा तयार होतात. तेव्हा सूतवाल्याने मुद्दाम काही मिसळलं असं समजू नका. तुमच्या एचटी (जास्त तापमानाच्या) मशीनमध्ये १३० अंशांना धागा सैल होतो, कड्या आतून बाहेर येतात आणि गरम बाथमध्ये, म्हणजे रंगाच्या पाण्यात, थोड्या विरघळतात. बाथ थंड व्हायला लागला की त्या स्फटिक होऊन धाग्यावरच बसतात. पाणी बदलून, केमिकल बदलून फरक पडला नाही, तो त्यामुळे.

यंत्रावर याची ओळख नि:संशय पटते. पॉलिएस्टरच्या एका घटकाचं वस्तुमान १९२.०४, तिनाचं ५७६.१३, सोडियमसह ५९९.१२. तीन घटकांची उघडी साखळी असती तर टोकांचं पाणी धरून शिखर ६१७.१३ वर आलं असतं. ५९९ वर आलं म्हणजे कडी. नमुना देताना धागा देऊ नका, फक्त खरवडलेली पावडर द्या. आणि प्रयोगशाळेला इलेक्ट्रोस्प्रेने, म्हणजे द्रावण फवारून आयन करण्याच्या पद्धतीने, करायला सांगा. ६०० च्या आसपास मॅल्डीच्या मॅट्रिक्सची स्वतःचीच शिखरं मध्ये येतात.

उपाय रंगशाळेतच आहे. बाथ थंड करत बसू नका, मशीनला गरम ड्रेनची सोय असेल तर गरमच सोडा. सोय नसेल तर ते धाडस मुळीच करू नका, दाबाखालचं पाणी माणूस भाजून काढतं. त्यानंतर कॉस्टिक आणि हायड्रोचं (सोडियम हायड्रोसल्फाइट) रिडक्शन क्लिअरिंग, म्हणजे धाग्यावर उरलेला सुटा रंग काढणारी धुलाई, ७०-८० अंशांना नीट करा. गडद रंगाला ते तसंही लागतं, पण घाईत तेच आधी कापलं जातं. रिकाम्या मशीनमध्येही कॉस्टिकचा गरम वॉश अधूनमधून द्या. भिंतींवर बसलेल्या कड्या पुढच्या लॉटवर उतरतात. सूतवाल्याशी वाद मिटवायला ५९९ चा वर्णपट एकदा करून ठेवा. दर लॉटला करायची गरज नाही.

प्रश्न : शिरोलीत आमची फाउंड्री आहे. साच्याची वाळू बांधणाऱ्या फ्युरान रेझिनचे दोन ड्रम, एकच ग्रेड, पण एका ड्रमच्या साच्यांत ओतलेल्या मालात पिनहोल (बारीक छिद्रं) जास्त येतात. रेझिनची घडण तपासून घ्यावी का? (फाउंड्री व्यावसायिक, शिरोली)

उत्तर : आधी नायट्रोजन मोजून घ्या. फ्युरान रेझिनमध्ये युरिया मिसळलेला असतो. युरियाचा नायट्रोजन ओतीव लोखंडात जातो आणि घट्ट होताना पिनहोल करतो. त्यासाठी जेल्डालची जुनी चाचणी पुरते आणि स्वस्तात होते. दोन ड्रममध्ये नायट्रोजनचा फरक निघाला तर सप्लायरशी बोलायला तेवढा कागद बास. फरक निघाला नाही तर रेझिनला दोष देण्याआधी परत वापरलेली वाळू बघा, तिच्यात नायट्रोजन साचत जातो. लोखंडातला कार्बन वाढवायला भट्टीत टाकलेला कार्बरायझरही बघा.

मास स्पेक्ट्रोमीटरचं काम त्यानंतरचं. नायट्रोजन सारखा असूनही रेझिन वेगळं वागत असेल, तर वर्णपटात फरफ्युरिल अल्कोहोलचा घटक ८०.०३ च्या आणि युरियाचा ७२.०३ च्या अंतराने मोजता येतो. युरिया साखळीत गुंफला गेलाय की नुसता मिसळून ठेवलाय, तेही समजतं. पण हे द्रव रेझिनवरच होतं. साचा एकदा पक्का झाला की ते जाळं कशातच विरघळत नाही. मग त्याला तापवून तोडायचं आणि वायूंचं विश्लेषण करायचं, एवढाच मार्ग राहतो.

नमुना पाठवायचा झाला तर दोन्ही ड्रम आधी तळापासून ढवळा. काचेच्या कोरड्या बाटलीत काढा, हार्डनरचा हात लागलेलं भांडं त्याच्या जवळही आणू नका, आणि बाटल्या थंड जागी ठेवून लवकर पाठवा. रेझिन बाटलीतही बदलत राहतं. बाटलीवर ड्रम नंबर, बॅच नंबर आणि ड्रम उघडल्याची तारीख लिहा.